अळमीचे घर कोणते?

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात कवितेचा तास चालू असता एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, रोयणीवर उगवते ती अळमी झाड की प्राणी?" मी कलाशाखेचा पदवीधर, शास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच सुटलेला. "जमिनीतून उगवते, त्या अर्थी वनस्पतीच," असे ठणकावून सांगून मी पुन्हा कवितेकडे वळलो. सायंकाळी ग्रंथालयात पुस्तक उघडले आणि मान खाली घालावी लागली. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली. तीच कबुली येथे किंचित विस्ताराने देत आहे.

अळमी वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नाही, म्हणून तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिच्या पेशीभित्तीत कायटिन असते; झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचातही तेच द्रव्य आढळते. वंशाच्या दृष्टीने ती झाडांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे. माझी आजी श्रावणी सोमवारी अळमी चुलीवर चढू देत नसे. "ती भाजी न्हय," एवढेच ती म्हणे. तिचे कारण शास्त्राचे नव्हते, सोवळ्याचे होते. तरीही तिने केलेला विभाग माझ्या उत्तरापेक्षा बरा होता!

जीवसृष्टीचे विभाग पाडण्याचा छंद मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. चरकसंहितेत वनस्पती, वानस्पत्य, वीरुध व औषधी असे चार वर्ग सांगितले आहेत. जैन शास्त्रकारांनी इंद्रियांच्या संख्येवरून एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची मांडणी केली. १७३५ मध्ये लिनियसने सजीवांच्या दोन सृष्टी मानल्या, १८६६ मध्ये हेकेलने तिसरी जोडली आणि १९६९ मध्ये व्हिटेकरने पाच केल्या. त्या पाचांत अळमीच्या कुळाला स्वतंत्र स्थान आहे. पुढे १९७७ मध्ये कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी दाखविले की, मिथेन वायू निर्माण करणारे काही सूक्ष्मजीव हे मुळी जिवाणूच नव्हेत. ती जीवनाची निराळीच शाखा आहे. हे जीव गाईच्या पोटात आणि भातखाचराच्या चिखलात राहतात. शेकडो पिढ्या आपण त्यांच्यावरून नांगर फिरवीत होतो!

मग सारी वर्गीकरणे खोटी म्हणावयाची काय? मला तसे वाटत नाही. वैद्याला औषध हवे असते, साधकाला अहिंसा पाळावयाची असते, शास्त्रज्ञाला वंशावळ शोधावयाची असते. प्रत्येकाचा प्रश्न निराळा, म्हणून मांडणीही निराळी. दोष मांडणीत नाही. दारावरची पाटी वाचून घरातील माणूस ओळखला असे समजणाऱ्या माझ्यासारख्याच्या आळसात आहे.

शिवाय कित्येक दारांवर अद्याप पाटीच नाही. २०११ मधील एका अंदाजानुसार जिवाणू वगळता पृथ्वीवर सुमारे ८७ लक्ष जाती असाव्यात. त्यांपैकी नोंद झालेल्या जेमतेम १२ लक्ष होत्या. आपल्याच सह्याद्रीत, केरळात, जमिनीखाली राहणाऱ्या एका जांभळ्या बेडकाला शास्त्रीय नाव मिळाले ते २००३ मध्ये. तेथील रहिवाशांना मात्र तो आधीपासूनच परिचित होता. तेव्हा 'अज्ञात' म्हणजे कोणाला अज्ञात, हेही विचारावयास हवे.

आपल्या मायबोलीचा या कार्याशी संबंध नाही असे कोणी समजू नये. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे मलबारातील वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट या तिघांचे कोंकणी निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. इट्टी अच्युतन या वैद्यांचे ज्ञानही त्यात आहे. पुढे लिनियसने या ग्रंथाचा आधार घेतला.

विद्यार्थी मित्रहो, येत्या मृगात एक वही करा. परसातील, शेतातील, डोंगरावरील जे जे दिसेल त्याचे आजी-आजोबांच्या तोंडचे नाव, दिसल्याचा दिवस आणि जागा लिहा. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नसेल त्यापुढील जागा कोरी ठेवा; माझ्यासारखे घाईने ती भरू नका. ज्या मुलीने मला प्रश्न विचारला तिच्या वहीत अशा सात कोऱ्या जागा आहेत, आणि त्यांतील एकीचेही उत्तर मला येत नाही.