सहल अलिबागला की वेळासला?



दिवाळीची सुट्टी संपली की स्टाफरूममध्ये एकच विषय असतो, यंदा सहल कुठे? आणि कुणीतरी म्हणतंच, "अलिबाग नको हो, तेच तेच. वेळासला नेऊ, कासवं दाखवू." वेळास म्हणजे मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघायला हल्ली लोक तिथे जाऊ लागलेत.

मी जाऊन आलोय. सकाळी टोपली उचलली, खाली काहीच नाही. संध्याकाळी सात पिल्लं निघाली. माझ्या मुलीला ती अजून आठवतात. पण आम्ही चौघंच होतो, गावातल्याच एका घरी उतरलो होतो. तिथे नव्वद मुलं न्यायची? पाच-सहा घरांत वाटून झोपवायची? रात्री एखाद्याला ताप आला तर मोठा दवाखाना लांब. शिवाय पिल्लं काही आपल्या वेळापत्रकाप्रमाणे बाहेर येत नाहीत.

शाळेची सहल अलिबागलाच न्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच तेच तर आपणच करतो. घोडागाडी, भेळ, फोटो आणि परत.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. मग ओहोटी कधी? किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीचे आठ, पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, दुपारी बाराला, ओहोटी. हे गणित सहावीच्या मुलांना करू द्या, सहलीची तारीखही त्यांनाच काढू द्या. आमच्या वर्गाचं उत्तर अर्ध्या तासाने चुकलं. का चुकलं, यावर बसमध्ये घरी येईपर्यंत वाद चालला होता!

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला हलवली, हेही सांगा. वीज आणि चुंबकत्वाचा धडा मुलं विसरणार नाहीत.

मात्र नेहमीचा, गर्दीचा किनारा म्हणजे सुरक्षित किनारा नव्हे. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. म्हणून घोट्याच्या वर पाण्यात कुणीही नाही, आणि किल्ल्यातून परतायची वेळ निघण्याआधीच ठरलेली हवी.

पालकहो, वेळासला तुम्ही न्या. मार्चमध्ये, दोन दिवस हाताशी ठेवून. पहिल्या दिवशी टोपलीखाली काही निघालं नाही, तर दुसऱ्या दिवशी थांबता येईल.