परभृत मधमाशीला दोष का?

मधमाशी म्हटली की उद्योग, शिस्त आणि संघटन यांची मूर्तीच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. बोधकथांनी तिला कष्टाळूपणाचा आदर्श ठरविले आहे. परंतु जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी मोठे पोळे बांधून मध साठविणाऱ्या जाती अगदी थोड्या आहेत. बहुसंख्य जातींची मादी एकटीच राहते व आपले घरटे आपणच करते. शिवाय, शेकडा दहांहून अधिक जाती अशा आहेत की, त्या घरटे बांधीत नाहीत व पिलांसाठी परागही गोळा करीत नाहीत. त्या दुसऱ्या माशीच्या घरट्यात गुपचूप अंडे घालून निघून जातात. कोकिळेला संस्कृतात 'परभृता' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली; त्या न्यायाने या माश्यांना आपण परभृत मधमाश्या म्हणू.

भारताच्या बहुतेक भागांत आढळणारी अशी एक माशी म्हणजे थायरियस. काळ्याभोर अंगावर निळसर-पांढरे ठिपके असलेली ही माशी तुळशीच्या मंजिऱ्यांवर मध पिताना दिसते. १८९७ साली बिंगहॅम यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील माश्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तिची नोंद 'क्रोसिसा' या जुन्या नावाने आहे. तिची यजमानीण म्हणजे पोटावर चमकदार निळे पट्टे असलेली अमेगिला. ही अमेगिला धुऱ्याच्या कडेला, मऊ जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ कोरते, त्यात लहान लहान कोठड्या करते, प्रत्येक कोठडीत पराग व मध यांचा शिधा भरते, एक अंडे घालते आणि कोठडीचे तोंड बंद करते. यजमानीण फुलांवर गेली की थायरियस संधी साधते. तिच्या अंड्यातून निघालेल्या अळीचे जबडे विळ्यासारखे असतात. ती यजमानिणीच्या पिलाचा नाश करते आणि साठविलेला शिधा स्वतः फस्त करते.

हे वाचून कोणीही म्हणेल, "हा तर आयत्या बिळावर नागोबा! असल्या ऐतखाऊ जिवाला ठेचलेच पाहिजे." हा निवाडा घाईचा आहे, असे आमचे मत आहे. कोकिळाही हेच करते. तिचे अंडे कावळ्याच्या घरट्यात वाढते. तरीही तिचा स्वर ऐकताच आपण वसंत आला म्हणून आनंदतो. मग एकीला गौरव आणि दुसरीला शिव्याशाप, हा न्याय कसला? गोड गळा असला म्हणजे अपराध माफ होतो काय?

खरे पाहता येथे अपराधाचा प्रश्नच उद्भवत नाही. डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात कोकिळेच्या जातीतील पक्ष्यांबरोबरच परभृत माश्यांचाही विचार केला आहे. त्यांनी दाखविले की, या माश्यांची केवळ वृत्तीच नव्हे, तर शरीररचनाही बदलून गेली आहे. पराग वाहून नेण्याचे साधनच त्यांच्या अंगी उरलेले नाही. ज्या जिवाला दुसरा मार्गच नाही, त्याला आळशी कसे म्हणावे? ऐतखाऊपणाचा दोष मनुष्याला लागतो, कारण त्याला हात आहेत, बुद्धी आहे आणि निवड करण्याचे स्वातंत्र्य आहे. म्हणून माशीचे उदाहरण देऊन कोणी स्वतःच्या आळसाचे समर्थन करू नये, आणि स्वतःच्या नीतीच्या मापाने माशीलाही मोजू नये.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परभृत माशीचे सारे जीवन यजमानिणीच्या भरभराटीवर अवलंबून असते. जेथे अमेगिला विपुल, तेथेच थायरियस टिकते. यजमानीण विरळ झाली की परभृता दिसेनाशी होते. म्हणूनच संशोधक अशा माश्यांना मधमाश्यांच्या साऱ्या समुदायाच्या आरोग्याचे चिन्ह मानतात. तुळशीवर ठिपक्यांची माशी दिसली, तर आसपासच्या मातीत निळ्या पट्ट्यांच्या माशीचे घर सुखरूप आहे, असे समजावे.

या घराशी आपला थेट संबंध आहे. पांढुर्णा व सौंसर हा संत्र्याच्या बगीच्यांचा प्रदेश. पण येथल्या घराघरांत रोज वांगी आणि टोमॅटोही शिजतात. या झाडांच्या फुलांतील पराग परागकोशात कोंडलेला असतो. अमेगिला फूल धरून अंग थरथरविते आणि तो पराग बाहेर झाडते. पोळ्यातील मधमाशीला ही कला साधत नाही. अशा उपकारक माशीचे खरे शत्रुत्व कोण करते? परभृता काही कोठड्या बळकावते, परंतु तिचे कुळ संपवीत नाही. उलट आपण धुरा नांगरून टाकतो, ऐन फुलोऱ्यात विषारी औषध फवारतो, अंगणाचा कानाकोपरा सिमेंटने झाकतो, आणि मग माशीलाच चोर म्हणतो!

विद्यार्थी मित्रांनो, उपाय अवघड नाहीत. शेतात धुऱ्याची एखादी पट्टी न नांगरता राहू द्यावी. फुले उमललेली असताना फवारणी करू नये, असे घरच्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे सांगावे. शाळेच्या बागेत तुळशीची चार रोपे लावून जवळच मऊ मातीचा लहानसा उंचवटा मोकळा ठेवावा. सायंकाळी तेथे जाऊन पाहावे. जबड्यांनी काडी घट्ट धरून झोपी जाणारी माशी कदाचित दृष्टीस पडेल. ती निळ्या पट्ट्यांची असो वा ठिपक्यांची, तिला हात न लावता परत फिरावे. एकीने घर बांधावे आणि दुसरीने त्यात शिरावे, हा त्यांचा फार जुना व्यवहार आहे. आपले काम एवढेच की, ते घर बांधण्यास माती शिल्लक ठेवावी.