गोपनीयता कोणाची, उमेदवाराची की मंडळाची?

परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे उत्तरपत्रिका वा गुण मागितले की 'गोपनीय' हा शब्द पुढे केला जातो, ही प्रथा जुनीच आहे. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्यासही विद्यार्थ्याला मनाई करणारा महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरविला होता. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मंडळाचीच बाजू उचलून धरली.

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये लागू झाला आणि हे चित्र पालटले. उत्तरपत्रिका आपल्याकडे विश्वासाने सोपविलेल्या असतात, सबब त्या उघड करता येणार नाहीत, असा बचाव केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने केला. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. परीक्षकाचे नाव व स्वाक्षरी झाकून ठेवावी. परंतु ज्याची उत्तरपत्रिका त्याच्यापासूनच ती लपविण्याचे कारण नाही, असा हा निर्वाळा होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१८ मध्ये याच न्यायालयाने हात आखडता घेतला, हेही खरे.

खरा पेच आहे तो इतरांच्या गुणांचा. पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकांच्या भरतीत निवड न झालेल्या एका उमेदवाराने स्वतःबरोबरच इतरांचेही गुण मागितले. ही त्रयस्थांची वैयक्तिक माहिती असल्याचे सांगून त्याला नकार मिळाला. (नकार देणारे कार्यालय न्यायालयाचेच, हा योगायोग बोलका आहे.) नोव्हेंबर २०२४ मध्ये न्या. महेश सोनक व न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने गुण देण्याचा आदेश दिला. सार्वजनिक पदासाठी जाहिरात देऊन घेतलेल्या परीक्षेतील गुणांचा सार्वजनिक व्यवहाराशी संबंधच नाही, असे म्हणता येणार नाही, हे त्यामागील सूत्र.

उमेदवाराची ओळख राखूनही पारदर्शकता साधता येते. 'नीट'च्या पेपरफुटीनंतर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय परीक्षा संस्थेला शहर व केंद्रनिहाय गुण जाहीर करावयास लावले, ते परीक्षार्थींची ओळख झाकूनच.

तथापि, मुंबईच्या निकालाचा पायाच आता डळमळीत झाला आहे. वैयक्तिक माहिती सार्वजनिक व्यवहाराशी संबंधित नसेल वा तिच्यामुळे खासगीपणावर अनाठायी आक्रमण होत असेल तरच ती नाकारता येई. व्यापक जनहित असल्यास तीही देता येई. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आला. माहिती 'वैयक्तिक' आहे, एवढे म्हणणे आता नकारासाठी पुरते. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद शाबूत असल्याचे सरकार सांगते. ते खरे आहे. मात्र त्या कलमाची भाषा माहिती 'देता येईल' अशी आहे, 'द्यावी' अशी नाही. जनहिताचे पारडे जड आहे की नाही, हे प्रथम ठरविणार तेच कार्यालय, ज्याच्या भरतीविषयी शंका घेतली गेली आहे.