एकाच इंजेक्शनची सहा नावं

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एका हॉस्पिटलचं काम आलं. जुनी सिस्टीम काढून नवी टाकायची, आणि त्यात औषधांची यादी साफ करायचं काम माझ्या गळ्यात. सेफ्ट्रिॲक्झोन १ ग्रॅमचं इंजेक्शन, एकाच कंपनीचं, एकाच पॅकचं... एंट्र्या सहा! कुणी 'इंज.' आधी लिहिलंय, कुणी नंतर, कुणी '१००० एमजी', एकीत तर स्पेलिंगच गंडलेलं. कॉम्प्युटरच्या लेखी ही सहा वेगळी औषधं. स्टोअरचे काका म्हणाले, "अहो, मला पाठ आहेत सगळी." काका रिटायर झाल्यावर काय करायचं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

तुम्ही म्हणाल, बारकोड आहे की. आहे ना! १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झालाय. युनिक कोड, नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, सगळं त्यात असतं. आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टला विचारलं, स्कॅन करता का? तो नुसता हसला. डिस्ट्रिब्युटरकडून बिलाची फाईल येते, पण त्याचा आयटम कोड वेगळा, याचा वेगळा. मग रात्री दुकान बंद करून हा जुळवत बसतो. म्हणजे बघा, एकच प्रायमरी की खोक्यावर छापलेली असताना प्रत्येकजण आपापली बनवतोय.

आणि हा नुसता क्लार्कचा त्रास नाहीये हो. सीडीएससीओ दर महिन्याला चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी काढते, बॅच नंबरसकट. ती बॅच आमच्याकडे आलीय का, आली तर सहापैकी कुठल्या नावाखाली, आणि कुठल्या पेशंटला गेली? हे शोधेपर्यंत सलाईन लागून गेलेलं असतं.

जीएस१च्या नंबरांवर चालणारं जीडीएसएन नावाचं जाळं आहे. उत्पादकाने माहिती एकदा भरायची, बाकीच्यांनी तीच उचलायची. टेक्निकली यात अवघड काही नाही. छोट्या कंपन्यांना खर्च पडेल, मान्य. पण गिऱ्हाइकाने अडून बसल्याशिवाय कुणी हलत नाही. इंग्लंडच्या एनएचएसने २०१४ साली खरेदीच्या धोरणातच जीएस१ची अट घातली. आपली मोठी हॉस्पिटलं पर्चेस ऑर्डरमध्ये रेटसाठी इतकी घासाघीस करतात, तिथेच ही एक ओळ घालायला काय जातं?

असो. त्या सहा एंट्र्यांची मी एक केली. महिन्याभराने सपोर्टसाठी लॉगिन केलं, तर सातवी आली होती.