समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गेले. त्यानंतर ताईची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि जोडीला समुपदेशनही सुचवले. भाच्याने एक पाटी पाहून वेळ घेतली. गृहस्थ सौजन्यशील, बोलणे आर्जवी, भिंतीवर चौकटीत बसवलेली चार प्रमाणपत्रे. तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, ‘काकू, गोळ्या आता सोडा, आपण मनोबल वाढवू.’ ताईने ऐकले. पुढचा पंधरवडा आम्हां सर्वांना फार जड गेला. मग भाच्याने ती प्रमाणपत्रे बारकाईने वाचली. त्यांतले सर्वांत मोठे दोन दिवसांच्या कार्यशाळेचे निघाले.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? 29 मे 2018 पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोरुग्ण सामाजिक कार्यकर्ता यांच्या व्याख्या आहेत. ‘समुपदेशक’ या शब्दाची मात्र स्वतंत्र व्याख्या नाही. आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवू नयेत, असे बंधन कलम 106 घालते. पण ते कायद्याने मान्य केलेल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांवर. ज्याची नोंदच कुठे नाही, त्याला कशाच्या आधारे जाब विचारणार? ही फट लहान नाही.

ती बुजवण्याच्या दिशेने 2021 साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ आणि निरनिराळ्या प्रकारचे समुपदेशक यांचा समावेश आहे. राज्य परिषदेने त्यांची नोंदवही ठेवावी, अशी त्यातील योजना आहे. परंतु कायदा संमत होणे आणि तो गावोगावच्या पाट्यांपर्यंत पोहोचणे यांत बरेच अंतर असते. तोवर चौकशीचा भार आपल्यावरच आहे.

ही चौकशी अवघड नाही. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि गोळ्या सुरू करणे, कमी करणे, थांबवणे हे त्याचेच काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. त्याची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते. दोघांनाही नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. साधा समुपदेशक असेल, तर पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रशिक्षण किती काळाचे आणि कोणाच्या देखरेखीखाली झाले, हे विचारावे. या प्रश्नांनी जो दुखावतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात, प्रामाणिकपणे काम करणारे कितीतरी समुपदेशक आहेत आणि ते विचारण्याआधीच हे सारे सांगतात.

आता थोडे सेवेकऱ्यांसाठी. ‘बाबा आत काय बोलले?’ असे मुलगा हमखास विचारतो. काळजीपोटीच विचारतो, पण कलम 23 नुसार मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे, मग तो ऐंशी वर्षांचा का असेना. जिवाला धोका असल्यास किंवा नेमलेल्या प्रतिनिधीला शुश्रूषेपुरती माहिती देण्यासाठी अपवाद आहेत. हा प्रतिनिधी कोणाही प्रौढाला साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून नेमता येतो. हे काम आजारपण येण्याआधी, घरात सगळे शांत असताना केलेले बरे.

आपल्या रत्नागिरीकरांना तर फार लांब जावे लागत नाही. राज्यातील चार शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच शहरात आहे. त्या फाटकातून आत जायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. आमच्या ताईलाही वाटत होती. ज्यांना जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी शासनाची ‘टेलिमानस’ सेवा आहे. 14416 हा क्रमांक फिरवला की दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

ताईच्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या आणि आठ महिन्यांनी हळूहळू कमी केल्या. आता ती महिन्यातून एकदा दुसऱ्या बाईंकडे बोलायला जाते. पहिल्या दिवशी त्यांचा नोंदणी क्रमांक तिने स्वतःच विचारला, आणि चष्मा लावून डायरीत उतरवून घेतला.