दाणे घरचे, हरभरा घरचा. मग पुडा कोणाचा?



साखर कारखान्याच्या पत्रकात 'गोड बेताने खा' असे छापून आले म्हणजे कित्येकांच्या भुवया उंचावतील. ऊस आपला, साखर आपली, आणि वरून हा उपदेश! पण आम्ही साखरेवर रागावून लिहीत नाही. आपल्या सभासदांच्या घरांत सकाळ-संध्याकाळ पोटात काय जाते, एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे, आणि ते जरा रोखठोक आहे.

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या घरांत दोन वस्तू शिरल्या आहेत. पहिली बिस्किटाचा पुडा. पोरगं शाळेतून आलं की चहा आणि पुडा, पाहुणा आला की चहा आणि पुडा, आणि गाडी घेऊन कारखान्यावर आलेला माणूस रात्रभर नंबराची वाट पाहतो तेव्हाही चहा आणि पुडाच. दुसरी वस्तू प्रथिनांच्या भुकटीचा डबा. नागपूरला शिकायला ठेवलेली पोरे व्यायामशाळेत जातात ही चांगलीच गोष्ट, पण तिथे कोणी तरी डबा सुचवतो आणि उसाच्या बिलातून तो डबा येतो. डब्याच्या जोडीला हल्ली चकचकीत कागदातली 'प्रोटीन बार' नावाची वडीही असते. तिच्या कागदावरचे घटक वाचून पाहा. पुष्कळदा त्यात शेंगदाणे, सोयाबीन आणि कसला ना कसला पाक सापडतो. म्हणजे आपणच बाजार समितीत पोत्याने विकलेला माल आपण पुन्हा तोळ्या-माशाच्या हिशेबाने विकत घेतो.

आता थोडे आकडे. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिने 6 ते 7 ग्रॅमच्या आसपास असतात, आणि साखर 25 ग्रॅमच्या घरात. हे पुड्यावरच छापलेले असते, आपण वाचत नाही इतकेच. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत प्रथिने सुमारे 25 ग्रॅम, फुटाण्यांच्या डाळ्यात सुमारे 22, जवसात 20 आणि तिळात 18. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढ माणसाची रोजची गरज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम अशी धरली आहे. म्हणजे 65 किलोच्या गड्याला 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या बाईला 46 ग्रॅमच्या आसपास. हे वरण, दूध, अंडी, दाण्याचा कूट यांतून निघू शकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेऊ नका, असे स्पष्टच सांगितले आहे. डब्यावर पैसे घालणाऱ्या मुलांच्या वडिलांनी एवढे एक वाक्य मुलांना वाचून दाखवावे.

मग घरी करायचे काय? भट्टी नको, ओव्हन नको, पाकाची तार पाहणे नको. 250 ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सोलून घ्यावेत. 250 ग्रॅम फुटाण्यांचे डाळे, ते भाजलेलेच असते. तीळ 100 ग्रॅम आणि जवस 100 ग्रॅम वेगवेगळे भाजावेत. जवस तडतडू लागले की उतरवावे, जळले तर कडवट होते. सगळे वेगवेगळे बारीक करून, शेवटी 300 ग्रॅम चिरलेल्या गुळाबरोबर पुन्हा एकदा कुटावे किंवा मिक्सरमधून फिरवावे. दाण्यांना तेल सुटले की मिश्रण आपोआप धरू लागते. फुटत असेल तर दोन चमचे कोमट तूप. दुधाचा हात मात्र लावू नये, लाडू टिकत नाही. या किलोभर मालाचे 25 ग्रॅमचे 40 लाडू होतात. एका लाडवात प्रथिने सुमारे 4 ग्रॅम आणि उष्मांक 115 च्या आसपास. दोन लाडू आणि पेलाभर दूध, एवढ्यात वाढत्या पोराची शाळेनंतरची भूक भागते.

ह्या चौघांना एकत्र का आणायचे, यालाही कारण आहे. दाण्यांच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो हरभरा भरून काढतो. हरभऱ्यात जे उणे, ते तीळ पुरवतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेने देशातल्या कुपोषणासाठी 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले, त्यातही 75 भाग भुईमुगाच्या पेंडीचे पीठ आणि 25 भाग फुटाण्याचे पीठ होते. आपल्या आज्या ही जोडी शास्त्र न शिकता जमवत होत्या. उन्हाळ्यातले सातूचे पीठ तरी दुसरे काय? गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळायची आणि गूळ घालून कालवायची. 'काहून व माय, सातू कोण खाते आता?' असे म्हणणाऱ्या सुना शहरातून त्याच चवीचे पीठ डबाबंद आणतात, याची गंमत वाटते.

गुळाबद्दल एक खुलासा. गूळ म्हणजे साखर नव्हे, तो कितीही खाल्ला तरी चालतो, हा समज खोटा आहे. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात, पण तो मुख्यतः साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेतून मिळणारे उष्मांक एकूण आहाराच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले, शक्य तर 5 टक्क्यांच्या. वरच्या लाडवात प्रत्येकी साडेसात ग्रॅम गूळ येतो. मधुमेहींनी लाडवाऐवजी मूठभर फुटाणे-दाणे खावेत. आपल्या मालाचा खप वाढावा म्हणून आपल्याच माणसाला खोटे सांगणे आम्हाला मान्य नाही.

सोयाबीनचे तर वेगळेच नशीब. विदर्भाच्या शेतात शेत भरून सोयाबीन, आणि घरात एक दाणा नाही! सगळे तेलाच्या गिरणीला, पेंड कोंबड्यांना. आपल्या शेजारी वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे होते. तिथे 1935 मध्ये गांधीजींनी सोयाबीन रोजच्या जेवणात घालून पाहण्याचा प्रयोग चालवला आणि 'हरिजन'मधून त्याविषयी लिहिले. त्या वेळी या भागात सोयाबीन कोणाच्या शेतात असेल! आज दारात ढीग असून आपण विचारत नाही. एक खबरदारी मात्र हवीच. सोयाबीन कच्चे खाऊ नये, कारण त्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, चांगले अर्धा तास उकळून, वाळवून, भाजून मगच दळावे. लाडवाच्या मिश्रणात दहावा हिस्सा पुरे. उग्र वास येत नाही आणि पोरे नाक मुरडत नाहीत.

आणखी दोन-तीन गोष्टी. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे 'फेकवत नाही' म्हणून कुटात घालू नयेत. त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही आणि यकृताला बाधते. डाळ्याचे पीठ घरीच करावे. पूर्व विदर्भात बेसनात लाखोळीची भेसळ होत आलेली आहे, आणि लाखोळी सतत पोटात गेली तर पाय लुळे पडतात हे जुन्या माणसांना सांगायला नको. दळलेले जवस लवकर खवट होते, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतेच लाडू करावेत. लहानग्यांना अख्खा दाणा न देता कूटच द्यावा. दाणे खाऊन कोणाच्या अंगावर गांधी उठत असतील तर त्याने लांब राहावे.

जवसावरून आठवले. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाचे संशोधन केंद्र आहे, एनएल 97 आणि पीकेव्ही एनएल 260 हे वाण तिथलेच. वाण आपल्या घरचे, आणि जवस मात्र आपल्या शेतातून हटत हटत बांधावर आले. उसातही पूर्वहंगामी लागणीत हरभरा आणि सुरू लागणीत भुईमूग आंतरपीक म्हणून घेता येतो. ऊस लहान असतो तोवर सरीच्या बगलेला जागा रिकामीच असते, आणि द्विदल पीक जमिनीला नत्रही देते. सगळ्या वावरात घ्या असे आम्ही म्हणत नाही. घरच्या वर्षाच्या कुटाला पुरेल एवढ्या चार सऱ्या तरी धराव्यात.

आता कारखान्याकडे वळतो. गव्हाणीजवळच्या उपाहारगृहात भजी, चहा आणि पुडा यांपलीकडे काही मिळत नाही. गाडीवान, ट्रॅक्टरवाले, पाळीवरचे कामगार रात्र काढतात ती त्याच्यावर. तोडणीच्या टोळ्यांतल्या बाया पहाटे अंधारात निघतात, दिवसभर मोळ्या वाहतात, आणि खोपीत मागे राहिलेली पोरे रडली की त्यांच्या हातात कोणी तरी पुडाच ठेवते. ऊस ज्यांच्या हाताने गव्हाणीत पडतो त्यांच्या पोराला दिवसाला दोन लाडू देणे संस्थेला जड जाईल असे आम्हाला वाटत नाही. सभासदांच्या घरच्या महिला बचत गटांकडून लाडू घ्यावेत, उपाहारगृहात ना नफा ना तोटा दराने ठेवावेत, आणि खोपीवरच्या मुलांना गळीत हंगामभर मोफत द्यावेत. दाणे आणि हरभरा सभासदांकडूनच घ्यावा. वजन, स्वच्छता आणि तारीख पाहायला कारखान्याच्या प्रयोगशाळेतला एक माणूस पुरे.

सवलतीच्या साखरेबद्दल सभेत दरवर्षी तासभर वाद होतो, किलो-दोन किलोवरून आवाज चढतात. येत्या वार्षिक सभेत त्यातली दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. ज्यांना हा ठराव मांडावासा वाटतो त्यांनी तो सभेच्या मुदतीपूर्वी लेखी द्यावा. अनुमोदनाला आम्ही आहोत.