उल्हासकांठचें अन्न व शेतकऱ्याचें कर्तव्य

मृगाचा पाऊस पडूं लागला म्हणजे बदलापूर-अंबरनाथच्या बाजारांत ठाकूर व कातकरी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि जुडीबरोबर मूठभर काकडाचीं हिरवीं फळें देतात. नवखें गिऱ्हाईक तीं फळें निरुपयोगी समजून टाकून देतें व घरीं घसा खाजला म्हणजे भाजीस दोष देतें. काकडाच्या आंबट रसानें शेवळाची खाज मरते, हें त्यास ठाऊक नसतें. विकणारीस ठाऊक असतें. उल्हासकांठची पाककला अशा बारीक ज्ञानानें भरलेली आहे, व त्यांतील बहुतेक कोठें लिहिलेलें नाहीं.

अलीकडे ह्या अन्नाचें कौतुक पुष्कळ होतें. रानभाज्यांचे महोत्सव भरतात. उपाहारगृहांत तांदळाची भाकरी व वालाचें बिरडें मानानें वाढलें जातें. आम्हांस त्याचा आनंदच आहे. तथापि ह्या कौतुकांत एक गोष्ट विसरली जाते, आणि ती शेतकऱ्यांनीं शेतकऱ्यांस सांगावी हें बरें. हें अन्न टिकतें तें शेतांत, चूल त्यानंतरची.

उदाहरणें घेऊं. भात कापल्यावर जमिनींत जी ओल उरते, तिच्यावर वाल येतो. त्यास निराळें पाणी द्यावें लागत नाहीं, आणि त्याच्या मुळांवरील गांठी जमिनीस नत्र देतात. भाताचें शेत गेलें कीं वालही गेला. मग कोठला तरी वाल विकत आणून भिजत घालावा लागतो. कुर्डू व टाकळा बांधावर आपोआप उगवतात, परंतु तणनाशक फवारलेल्या बांधावर ते कसे दिसावे? शेवळाचा कंद जमिनींत राहतो व वर येणारा कोंब आपण खातों. सगळेच कोंब खुडले तर बीं धरत नाहीं, आणि जमीन यंत्रानें सपाट केली तर कंदही उरत नाहीं. पहिल्या पुरांत उल्हास व बारवी ह्यांच्या ओहोळांतून मासे अंडीं घालण्यासाठीं भातखाचरांकडे चढतात. हीच आपली वलगण. त्या दिवसांत मासा धरणें सर्वांत सोपें असतें, आणि म्हणूनच तें सर्वांत घातक असतें. अंबरनाथच्या शके 982 मधील शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पाहावी. कारखान्यांच्या रसायनांनीं व शहरांच्या सांडपाण्यानें तिची जी दशा झाली आहे, ती पाहून तिच्या कांठीं वलगणीची गोष्ट कोण काढील?

येथें आमच्या शेजाऱ्यांचें उदाहरण आठवतें. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधमधून आलेलीं कुटुंबें वसलीं व 1949 सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्यांची शेतें, घरें व नदी मागें राहिलीं. तरी दाल-पकवान, साई भाजी व सिंधी कढी त्यांच्या घरांत आजही होते. ह्यावरून कोणी म्हणेल कीं, जमिनीवांचूनही पाककला जगते. तें खरें आहे. परंतु चण्याची डाळ, पालक व बेसन कोणत्याही बाजारांत मिळतें. सिंधू नदींतला पल्ला मासा मात्र कोणास बरोबर आणतां आला नाहीं. बाजारानें पुरविलें तें टिकलें, नदीनें दिलें तें नदीपाशींच राहिलें. आमचें शेवळ व आमची वलगण ह्या दुसऱ्या जातीचीं आहेत. आणि आमची नदी तर अजून दारावरून वाहत आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, शेतकऱ्यानें तोटा सोसून जुनें वाण कां पेरावें? कर्जत येथें 1919 पासून भाताचें संशोधन चाललें आहे, व तेथील सुधारलेल्या वाणांनीं आपलीं कोठारें भरलीं, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करितों. सर्व शेत जुन्या वाणास द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शेजारच्या पालघर जिल्ह्यांतील वाडा कोलम तांदळास 2021 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. जुन्या भातास किंमत येऊं शकते, ती बियाणें कोणीतरी राखिलें म्हणून. दुसरा आक्षेप स्त्रियांचा आहे, व तो अधिक न्याय्य आहे. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलणें. उकड काढून भाकऱ्या थापणें. हे श्रम कोणाचे? परंपरेचा अभिमान पुरुषांनीं बाळगावा व सोलणें स्त्रियांकडे ठेवावें, असा अभिमान फार दिवस चालणार नाहीं. मुलगेही वाल सोलावयास बसले पाहिजेत.

गरजेपोटीं जमीन विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्यांच्याकडे अजून जमीन आहे, त्यांच्याशींच आमचें बोलणें आहे. प्रत्येकानें घरच्यापुरते चार गुंठे जुन्या भातास द्यावे व त्याचें बीं निराळें राखून शेजाऱ्याशीं बदलावें. भातामागून वाल टाकावा. निदान एका बांधावर तणनाशक नेऊं नये. पहिल्या पुराचे मासे चढूं द्यावे. आणि रानभाजी खुडावयास येणाऱ्या कातकरी बाईस बांधावरून हांकलूं नये; कोणता कोंब घ्यावा व कोणता ठेवावा हें तिला आपणांपेक्षां अधिक कळतें. तिच्या जुडीचा भाव पाडूं नये, आणि ती काकडाचीं फळें देईल तीं टाकून न देतां तिलाच विचारावें कीं, बाई, हीं घालावीं कशीं?